किलोमीटरला किती पडतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की रोजच्या जाण्यायेण्यात पेट्रोल आणि पैसे कुठे वाचतील याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा ढीगच आलाय. त्यातल्या बऱ्याच जणांना टाकीत टाकायची एखादी गोळी किंवा लिक्विड हवंय ज्याने ॲव्हरेज वाढेल. तसलं काही मी सुचवणार नाही, आधीच सांगून टाकतो. ज्यांनी रोजचे किलोमीटर, गाडी किती देते, घरचं लाईट बिल वगैरे नीट लिहिलंय त्यांची उत्तरं लांबली आहेत, कारण हिशोब मांडायला काहीतरी हाताशी होतं. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: मी वारज्याला राहते, ऑफिस खराडीला, जाऊन येऊन 36 किमी, महिन्याचे 22 दिवस. माझी पेट्रोल स्कूटर सहा वर्षांची आहे, 42 देते, काही त्रास नाही. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात इलेक्ट्रिक घे, फुकटात फिरशील. शोरूमला विचारलं तर सव्वा लाख ऑनरोड सांगतात आणि माझ्या जुन्या गाडीचे 30 हजार देतो म्हणतात. घरचं लाईट बिल 150 युनिटच्या आसपास येतं. घेऊ का? की मेट्रोने जाऊ? (एक वाचक, वारजे, पुणे)

उत्तर: ताई, फुकटात कोणीच फिरत नाही, पण स्वस्तात नक्की फिरता येतं, किती स्वस्तात ते बघू. तुमचे महिन्याचे साधारण 800 किमी होतात, 42 च्या हिशोबाने 19 लिटर पेट्रोल, लिटरला 104 धरले तर दोन हजाराला थोडे कमी. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये नुसत्या पेट्रोलचे. इलेक्ट्रिक स्कूटर शहरात, भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर किलोमीटरला 35 वॅट-अवर घेते असं धरा (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट), म्हणजे 800 किमीला 28 युनिट. कंपनीच्या जाहिरातीत याहून कमी दिसेल, पण चार्जर गरम होतो त्यात पण थोडी वीज जातेच, आणि पुण्यातले फ्लायओव्हर जाहिरातीत नसतात.

आता हे 28 युनिट कुठल्या भावाने पडणार तिथे लोक चुकतात. महावितरणचे घरगुती दर स्लॅबने आहेत, पहिले 100 युनिट स्वस्त, मग 101 ते 300 चा स्लॅब बराच महाग, त्यापुढे अजून महाग. तुम्ही आधीच 150 वर आहात म्हणजे गाडीचं प्रत्येक युनिट महागड्या स्लॅबमध्ये जाणार, सरासरी दराने नाही. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) वगैरे धरून युनिटला 12 रुपये पकडा (तुमच्या बिलावर बघून घ्या), झाले 336. तरी महिन्याला सोळाशेच्या वर वाचतात, ऑइल आणि सर्व्हिसिंगचा खर्च कमी होतो तो वेगळा.

पण तुमचा खरा प्रश्न हा आहे की चांगली चालणारी गाडी विकून हे करायचं का. सव्वा लाखातून 30 हजार गेले, खिशातून 95 हजार जाणार, महिन्याला 1600 वाचले तर ते भरून निघायला पाच वर्ष लागतात, आणि कर्ज काढलं तर व्याज धरून त्याच्याही पुढे. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता नसती घेतली. तीच गाडी जेव्हा कुरकुर करायला लागेल आणि नवीन काहीतरी घ्यावंच लागेल तेव्हा मात्र परत पेट्रोलकडे बघू नका, कारण तेव्हा तुलना नव्या पेट्रोल गाडीशी होईल, फरक 25 हजाराचा असला तरी सव्वा ते दीड वर्षात वसूल. तोपर्यंत सोसायटीत पार्किंगला सॉकेट मिळतंय का, ते तुमच्या मीटरवर येणार की कॉमन मीटरवर, हे भांडण मिटवून ठेवा, त्याला गाडी घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि बॅटरीच्या वॉरंटीचा कागद वाचा, किती वर्ष हे सगळे सांगतात, पण किती किलोमीटर हे पण लिहिलेलं असतं आणि दोन्हीपैकी जे आधी संपेल ते लागू होतं.

इतका फरक पडतो कसा, हे काहींनी वेगळं विचारलंय म्हणून इथेच सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट विजेएवढी ऊर्जा असते. म्हणजे तुमची स्कूटर किलोमीटरला 200 वॅट-अवरच्या वर खाते आणि इलेक्ट्रिक 35. पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगावरून उडून जाते, चाकापर्यंत पोचतो तो साधारण चौथा हिस्सा, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये त्याहून कमी. आता कोणी म्हणेल की आपली वीज पण कोळशावरच होते की, तर हो, औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा वीज म्हणून बाहेर पडतो, तारांमध्ये अजून थोडी जाते, ते सगळं धरलं तरी स्कूटरला पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास इंधन लागतं. निम्मं म्हणजे निम्मं, शून्य नाही.

मेट्रोचं म्हणाल तर वनाज ते रामवाडी चांगली लाईन आहे, पण तुमचं घर वनाजपासून लांब आणि ऑफिस रामवाडीपासून लांब. एका वेळचं मेट्रो तिकीट तीसच्या आसपास, दोन्ही टोकांना पीएमपीची बस धरली तर एका बाजूचे 50, दिवसाचे शंभर, महिन्याचे 2200, म्हणजे तुमच्या पेट्रोलपेक्षा जास्तच. टोकाला एकदा मीटरने रिक्षा केलीत तर पाच किमीचे ऐंशीच्या वर जातात, मग तर विषयच संपला. सगळ्यात स्वस्त बघायचं तर पीएमपीचा मासिक पास, जून 2025 च्या दरवाढीनंतर तो 900 चा 1500 झाला तरी पेट्रोलपेक्षा कमी आहे. वेळ किती जातो ते मात्र एक आठवडा जाऊन बघा आणि मग ठरवा. पावसाळ्याचे चार महिने पास आणि बाकी स्कूटर असं करणारे पण खूप आहेत, त्यात काही वाईट नाही.

प्रश्न: बदलापूर ते सीएसएमटी रोज. मासिक पास काढतो. मित्र म्हणतो वर्षाचा काढ, लय स्वस्त पडतो. खरं का? (बदलापूर)

उत्तर: अर्धं खरं. रेल्वेच्या पासचं गणित असं आहे की तीन महिन्यांचा पास मासिकच्या 2.7 पट, सहा महिन्यांचा 5.4 पट आणि वर्षाचा 10.8 पट. भागून बघा, तिन्ही ठिकाणी महिन्याला दहा टक्केच सूट येते. म्हणजे मासिकवरून तीन महिन्यांवर गेलात तेव्हाच काय ते मिळालं, त्यापुढे वर्षाचा काढून टक्का वाढत नाही. फायदा एवढाच की सारखं सारखं काढायला नको, आणि मधे भाडं वाढलं तर तुमचा पास चालू राहतो. तोटा असा की नोकरी बदलली, घर बदललं की अडकलात. कायमची सरकारी नोकरी असेल तर वर्षाचा काढा, नाहीतर तीन महिन्यांचा उत्तम.

प्रश्न: माझ्याकडे 2016 ची 150 सीसी बाईक आहे. आधी 50 द्यायची, हल्ली 44-45 वर आली. मेकॅनिक म्हणतो पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे, काही करता येणार नाही. (कराड)

उत्तर: मेकॅनिक निम्मा बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यात त्याने काम टाळलंय असं मला वाटतं. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अजिबात इथेनॉल नसलेल्या पेट्रोलशी तुलना केली तर सहा-सात टक्के कमी ऊर्जा, आणि आधीच्या 10 टक्केवाल्याशी केली तर तीन-साडेतीन. सरकारनेसुद्धा जुन्या गाड्यांना 3 ते 6 टक्के फरक पडू शकतो असं सांगितलंय. (कराड-वाळव्याकडच्या माणसाला इथेनॉल काय असतं हे मी काय सांगणार, उसाचं बिल कशातून निघतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.) तर 50 ची 47 झाली असती तर मी म्हणालो असतो सोडून द्या. 44 म्हणजे बारा टक्के गेले, बाकीचे गाडीतच कुठेतरी जातायत.

आधी नीट मोजा. टाकी झाकणापर्यंत फुल करायची नाही, पंपाचं नोझल आपोआप बंद होतं तिथपर्यंत भरायची, किलोमीटर लिहून घ्यायचे, तीनशे-साडेतीनशे किमी नेहमीसारखी चालवायची आणि शक्यतो त्याच पंपावर परत तेवढीच भरायची, जितकं पेट्रोल बसलं त्याने किलोमीटर भागायचे. दोनशेचं पेट्रोल टाकून काटा कुठपर्यंत आला यावरून ॲव्हरेज काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मग बघायच्या गोष्टी: टायरमधली हवा, चेन कोरडी आहे का, एअर फिल्टर (कराडच्या धुळीत तो कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या आधी भरतो), आणि मागचा ब्रेक. मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा, दोन-तीन वेढे सहज फिरलं पाहिजे, सर्र सर्र आवाज करत लगेच थांबत असेल तर ब्रेक घासतोय आणि तुम्ही दिवसभर थोडा ब्रेक दाबूनच गाडी चालवताय. बहुतेक वेळा घोळ इथे सापडतो, आणि शंभर-दोनशे रुपयात काम होतं.

एक अजून, एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाईप, सील वगैरे या पेट्रोलसाठी बनवलेले असतीलच असं नाही. सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाईप कडक झालाय का, तडा गेलाय का एवढं बघायला सांगा. आणि गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणार असाल तर लक्ष असू द्या, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न: सकाळी सकाळी पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, आणि 100 ऐवजी 110 चं टाकावं असं म्हणतात, तुमचं मत? (अनेक वाचक)

उत्तर: पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं, एक डिग्रीला साधारण हजारात एक भाग. म्हणजे पाच डिग्रीचा फरक पडला तरी शंभर रुपयात पन्नास पैसे. त्यात पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार फारसा फरकच नसतो. 110 चं टाकून पण काही होत नाही. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणून मागायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. मागितलं की चेहरा वाकडा होतो, होऊ द्या.

प्रश्न: टायरमध्ये नायट्रोजन भरावा का? (सोलापूर)

उत्तर: साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा साधी हवा पंधरा दिवसांनी चेक करा, सकाळी, टायर गार असताना. हवा कमी असलेला टायर रस्त्याला चिकटून चालतो, पेट्रोल पण खातो आणि कडेने झिजतो पण, आणि टायरचे पैसे पेट्रोलपेक्षा जास्त टोचतात. किती हवा पाहिजे ते बाईकच्या चेनकव्हरपाशी किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा), कारच्या ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं, हवावाल्या पोऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड, नाशिकला असतो. नवीन कार घेतोय. सीएनजीवाली 95 हजार जास्त सांगतायत. आमचं महिन्याचं फिरणं 400 किमी. मुलगा म्हणतो सीएनजीच घ्या, तो स्वतः रोज सिन्नर एमआयडीसीला जातो सीएनजीवर आणि खूश आहे. (नाशिक)

उत्तर: काका, मुलगा त्याच्यापुरता बरोबर आहे. शहरात पेट्रोल कार 17 देते असं धरलं तर किलोमीटरला सहा रुपयाच्या थोडं वर पडतं. तीच गाडी सीएनजीवर किलोला 25 देईल, नव्वद रुपये किलोने साडेतीन रुपयाच्या थोडं वर. फरक अडीच रुपये. 95 हजार भागिले अडीच म्हणजे 38 हजार किलोमीटर चालल्यावर तुमचे जास्तीचे पैसे निघणार. मुलगा रोजचे साठ धरून महिन्याला 1500 तर सहज करत असेल, त्याचे दोन वर्षात निघाले. तुम्हाला आठ वर्ष लागतील. त्या आठ वर्षात पंपावरच्या लायनी, तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), आणि डिकी भरलेली, म्हणजे लग्नाला निघालात की बॅगा मांडीवर. तुम्हाला साधी पेट्रोलच बरी. आणि खरं सांगू का, 400 किमीला पेट्रोलचे अडीच हजाराच्या आत जातात, पण नव्या गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि दर वर्षी उतरणारी किंमत हे धरलं तर गाडी उभी ठेवून पण महिन्याला त्याच्या कितीतरी पट जातात. गावात कुठे जायचं तर रिक्षा आणि बाहेरगावी भाड्याची गाडी, हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, मग हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, हौसेला हिशोब नसतो.

प्रश्न: मी आणि मिस्टर दोघं एसटीने इस्लामपूर ते सांगली जातो, महिन्याचे 25 दिवस. मला पण पास काढावा का? मुलगी नववीत आहे, ती पण एसटीने जाते. (इस्लामपूर)

उत्तर: मिस्टरांनी काढावा, तुम्ही नको. एसटीच्या मासिक पासला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरता येतं, त्यांना पाच दिवसांचं भाडं वाचलं. तीन महिन्यांचा काढला तर 50 दिवसांच्या भाड्यात 90 दिवस, तो अजून बरा. तुम्हाला मात्र मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 25 दिवस अर्ध्या तिकिटाने गेलात म्हणजे साडेबारा दिवसांचंच पूर्ण भाडं झालं, पूर्ण भाड्यावर काढलेल्या पासापेक्षा कितीतरी कमी, आणि सुट्टी घेतली त्या दिवशीचे पैसे पण जात नाहीत. मुलीला तर बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी पास मोफत आहे, अजून पैसे भरत असाल तर उद्याच शाळेत विचारा. घरात सासूबाई-सासरे 75 च्या वरचे असतील तर त्यांना तिकीटच नाही, 65 ते 75 ला अर्धं. एवढं सगळं असून लोक तालुक्याला जायला वडापच्या जीपला लटकतात, अर्थात एसटी वेळेवर आली तर कोण कशाला लटकेल, तो विषय वेगळा.

प्रश्न: सिग्नलला गाडी बंद करावी का? परत चालू करायला जास्त पेट्रोल लागतं म्हणे. (ठाणे)

उत्तर: कार्ब्युरेटरच्या जमान्यातली गोष्ट. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या जवळजवळ सगळ्या इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा आहेत, चालू करायला नाममात्र पेट्रोल लागतं, दहा-पंधरा सेकंदाच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलं फायद्याचं. काउंटडाउनवर 60 दिसला की बंद, पाचवर आला की चालू. काही स्कूटरला आपोआप बंद होऊन रेस दिली की चालू होणारा स्विच असतो, बऱ्याच जणांनी तो घेतल्या दिवसापासून ऑफ ठेवलेला असतो. बॅटरी जुनी झाली असेल, स्टार्टर दोन-तीनदा मारावा लागत असेल तर मात्र नाद करू नका, मागचे हॉर्न ऐकण्यात काही बचत नाही.

प्रश्न: पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना आमच्याकडे बरेच ड्रायव्हर न्यूट्रल करतात, काही जण इंजिन पण बंद करतात. पेट्रोल वाचतं म्हणतात. माझी गाडी 2019 ची, इंजेक्शनची आहे. करावं का? (वाई)

उत्तर: अजिबात नाही, आणि गंमत म्हणजे न्यूट्रलमध्ये तुमचं पेट्रोल जास्त जातं. इंजेक्शनच्या कारमध्ये गिअर टाकलेला असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. थेंबभर पण जात नाही. न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटला, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च केलात, वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर, पसरणीच्या वळणावळणांवर तो तापून वास यायला लागतो आणि मग धरत नाही.

इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, एक-दोनदा ब्रेक दाबला की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंग पण जड होतं, आणि चावी जास्त मागे फिरली तर लॉक होण्याची भीती. जुने ड्रायव्हर सांगायचे की चढताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, ते आजही बरोबर आहे, दुसरा किंवा तिसरा टाकून आरामात या. पेट्रोल वाचवायचंच असेल तर ते चढताना वाचतं: खालच्या वळणावर जोरात येऊन कचकन ब्रेक मारायचा आणि परत रेस द्यायची हे बंद करा, कॅरिअरवर रिकामी का होईना मोठी ट्रंक बांधली असेल तर काढून ठेवा. आणि उतारावर मागून एखादा टेम्पो इंजिनचा आवाज न करता अंगावर येताना दिसला तर हॉर्न मारत बसू नका, जागा बघून बाजूला घ्या आणि त्याला आधी जाऊ द्या.